दुसरबीड ते अमेरिका, पायी

अर्जुनराव अमेरिकेला एकवीस दिवस जाऊन आले आणि दुसरबीडला ती अमेरिका पुढे आठ महिने भोगावी लागली.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं सरली होती. प्रगतिशील शेतकऱ्यांचं एक मंडळ सरकारनं तिकडची शेती पाहायला पाठवलं, त्यात आमच्या भागातून अर्जुनरावांची वर्णी लागली. अर्जुनराव प्रगतिशील होते यात शंका नाही. त्यांची शेती मात्र बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसरेच करत. परत आल्यावर ते कोणत्याही विषयावर बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला अमेरिका यायची. गावात कुणाचा बैल मेला, तर अमेरिकेत बैल नसतातच. शाळेचं छप्पर गळतं, तर अमेरिकेत छपरं काचेची असतात. मी त्या शाळेचा मास्तर. छप्पर माझ्याच डोक्यावर गळायचं, त्यामुळे ही माहिती मला फारच उपयोगी पडली.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. मोटारस्टँडवरच्या हॉटेलात अर्जुनराव चहा पीत बसले होते आणि आम्ही दहा-पंधरा जण तिकडच्या गव्हाच्या यंत्राची गोष्ट सातव्यांदा ऐकत होतो. समोरच्या बाकावर उकंडराव होते. उकंडराव पंचेचाळिशीचे, उंचेपुरे, पंधरा एकरांचे धनी. विहिरीवर वांगी-मिरचीची बागाईत. आदल्या वर्षी पंचायत समितीच्या निवडणुकीत ते अर्जुनरावांकडून अकरा मतांनी पडले होते. हजार मतांनी पडलेला माणूस शांत झोपतो. अकरा मतांनी पडलेला प्रत्येक माणसाकडे, हा त्या अकरांतला का, म्हणून पाहत राहतो.

"किती लांब हाय हो तुमची अमेरिका?" उकंडरावांनी विचारलं.

"इमानात बसून गेलं त दोन दिवस," अर्जुनराव म्हणाले. "पायी निघाला उकंडराव, तर तू त सोड, तुह्या नातूबी पोचत नाई."

"काऊन नाई पोचनार? जमीनच हाय ना मधात?"

"जमीन हाय. पाय पाह्यजे."

"माह्ये पाय पाह्यले नाईत तुमी."

"पाह्यले ना. मागच्या साली पाह्यले. अकरानं कमी पडले."

हॉटेल हसलं. उकंडरावांनी कपबशी खाली ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि उभे राहिले. "मी जातो अमेरिकेले. पायी जातो. पाहू कोन अडवते."

एवढं बोलून ते घरी गेले असते, तर संध्याकाळपर्यंत लोक विसरले असते. पण नेमकी त्याच वेळी मेहकरहून येणारी एसटी स्टँडवर येऊन थांबली होती, आणि चहाला उतरलेल्या सगळ्या गाडीनं हे वाक्य ऐकलं. गाडी जालन्याला जाणारी होती. दुपारपर्यंत सिंदखेड, देऊळगाव आणि जालना या तिन्ही ठिकाणी उकंडराव अमेरिकेला निघाले होते. आता त्यांना घरी थांबायची सोय राहिली नव्हती.

त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, ही बातमी मिरच्या तोडता तोडता ऐकली म्हणतात. बाई ठेंगणी, वाळकी, आणि तिचे शब्द मोजके. ती एवढंच म्हणाली, "जायचं असन त जा. मोटेचा सोल तुटाले आला हाय, तेवढा बदलून जा."

मोटेचा तो दोर काही बदलला गेला नाही. मोहिमेच्या तयारीत अशा गोष्टींना वेळ कुठला.

तयारी म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी उकंडराव आणि त्यांचा सदैव सोबती कडूबा शाळेत आले आणि मला नकाशाचं पुस्तक काढायला लावलं. कडूबा हा चाळिशीचा सडाफटिंग माणूस. उकंडरावांच्या मळ्यात राबायचा आणि उकंडराव जे म्हणतील त्याला आधी 'हाव' म्हणून मग विचार करायचा. मी टेबलावर नकाशा पसरला. दुसरबीड त्यात नव्हतं. उकंडरावांना याचं वाईट वाटलं. मी पेन्सिलीनं एक ठिपका काढून दिला, तेव्हा पुढचं काम सुरू झालं.

गोधडीचा दोरा घेऊन मी दुसरबीडपासून दिल्ली, पेशावर, काबूल असा लावत नेला. चीनशी नुकतीच मारामारी झालेली, म्हणून चीनला वळसा घालून रशियात शिरलो, सैबेरियाच्या टोकापर्यंत गेलो. तिथं जमीन संपली.

"इथं पाणी आहे," मी म्हणालो. "पन्नास-पंचावन्न मैल. पलीकडे अलास्का, म्हणजे अमेरिकाच."

"खडकपूर्णा पुरात उतरलो मी," उकंडराव म्हणाले.

"हा समुद्र आहे. पण हिवाळ्यात तिथं बर्फ धरतं. बर्फावरून माणसं गेली असं म्हणतात."

"बरफ म्हन्जे ते कुल्फीवाल्याचं?" कडूबानं विचारलं.

"तेच. फक्त पन्नास मैल."

"हाव," कडूबा म्हणाला, आणि मग विचारात पडला.

दोरा न्यूयॉर्कपर्यंत नेला, पट्टीवर धरला. तेरा हजार मैल निघाले. रोज पंधरा मैल धरले, तर आठशे सदुसष्ट दिवस. दोन वर्षं, साडेचार महिने.

"एवढंच?" उकंडरावांचा चेहरा उजळला. त्यांना बहुधा खरोखरच सात जन्म लागतील असं वाटत होतं आणि त्या आधारावर माघार घ्यायचा विचार असावा. आता अमेरिका अगदीच जवळ निघाली.

मी मास्तर, त्यामुळे मला अचूकतेची खोड. मी म्हणालो, "आता सरकारनं मैल बंद केलेत. किलोमीटरात सांगायचं तर एकवीस हजार."

"रातून आठ हजार वाढले?"

"वाढले नाहीत. माप बदललं."

"मंग आपन मैलानं जाऊ," उकंडराव म्हणाले, "किलोमीटरानं लय लांब पडते." डांबरी रस्त्यावर त्या दिवसांत बांधकाम खात्याची माणसं जुने मैलाचे दगड उपटून नवे बसवत होती. त्यांना पाहिलं की उकंडरावांच्या कपाळाला आठी पडायची. सरकार अर्जुनरावांच्या बाजूचं आहे, हा त्यांचा जुना संशय होता.

मी पासपोर्टचंही सांगितलं. ते म्हणाले, "मेंढरंवाले काठेवाडाहून इथं येतात, ते काय पासपोर्ट घेऊन येतात?" मी नकाशाचं पुस्तक मिटलं.

राहिला प्रश्न कारणाचा. अर्जुनरावांवरच्या रागापायी कुणी अमेरिकेला जातो, हे फलकावर लिहायला बरं दिसत नाही. जगात तेव्हा शांततेला बरी मागणी होती, म्हणून मी 'विश्वशांती' सुचवली. पांढऱ्या मांजरपाटावर तांबड्या रंगात मी स्वतः लिहिलं: 'दुसरबीड ते अमेरिका, विश्वशांती पदयात्रा'. कापड कडूबानं धरायचं ठरलं. माझ्याकडे नोंदवही आली. रोजची चाल त्यात लिहायची. मी रविवारी आणि सुटीच्या दिवशी जाऊन हिशेब जुळवायचा.

निघायच्या दिवशी नारळ फोडायला अर्जुनराव स्वतः हजर. उकंडराव अडीच वर्षं गावाबाहेर राहणार, आणि पुढच्या निवडणुकीला तीनच वर्षं उरलेली; अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं ते उगाच नव्हे. "माह्या भाऊ जगाले शांती द्यायले चालला," असं ते म्हणाले आणि उकंडरावांना मिठी मारली. "घाई करू नको बापा. सावकाश जा."

हा सल्ला उकंडरावांनी तंतोतंत पाळला.

पहिलं गाव दोन मैलांवर होतं. तिथं वेशीवर लेझीम उभी. उकंडरावांना पाटावर बसवून पाय धुतले, हार घातले, मिरवणूक काढली, दुपारी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. रोडगे खाऊन माणूस चालत नाही. तो झाडाखाली जातो. संध्याकाळी सभा, रात्री भजन, मुक्काम. दुसऱ्या दिवशी निघावं, तर रस्त्यापासून दीड मैल आत असलेल्या गावची चार माणसं दारात बसलेली. "अमेरिकेले जायले तुमाले येळ हाय, अन् आमच्या गावाले याले नाई?" उकंडराव आत गेले. आतल्या गावाच्या आतही गावं असतात, हे तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या आठवड्यात लोणारचा निरोप आला. उकंडरावांचा मावसभाऊ तिथं किराणा दुकानदार. त्यानं सत्कार ठरवून टाकला होता. लोणार अमेरिकेच्या बरोबर उलट्या दिशेला आहे, हे मी नकाशा दाखवून सांगितलं.

"मावसभाऊ हाय, मास्तर," उकंडराव म्हणाले. "जगाशी शांती करायची अन् मावसभावाशी भांडन?"

गेले. लोणारला सरोवराच्या काठावर मांडव घातला होता. तो एवढा खळगा आभाळातून पडलेल्या दगडानं झाला म्हणतात. तो दगडही दुरून पायाविना आला असणार, पण त्याला कुणी हार घातल्याची नोंद नाही. उकंडरावांना बेचाळीस पडले. त्या आठवड्यात नोंदवहीत मला प्रथमच उणे चिन्ह वापरावं लागलं. अमेरिका वीस-पंचवीस मैल लांब गेली होती.

या सगळ्यात उकंडरावांचं भाषण मात्र झपाट्यानं पुढे जात होतं. पहिल्या गावात ते दोन मिनिटं बोलले आणि घाम पुसून खाली बसले. महिन्याभरात ते तासभर बोलू लागले. अमेरिकेतले रस्ते कसे, माणसं कशी, गाई किती दूध देतात, हे ते न पाहताच असं सांगत की ऐकणाऱ्याला तिथली धूळ दिसावी. एकदा तर काचेच्या छपरांचं वर्णनही त्यांनी करून टाकलं. मी कडूबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "हाव."

आणि दर तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई यायची.

मला आधी ते लक्षातच आलं नाही. मिरवणुकीच्या कडेला डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई उभी दिसायची, तशा पन्नास उभ्या असत. गाठोड्यात दोन धुतलेली धोतरं, पायांना चोळायला तिळाचं तेल आणि घरचे प्रश्न. माणसांची गर्दी ओसरली की ती पुढे यायची. "पांढऱ्या बैलाचं खांद सुजलं, काय लावू?" "मिरचीले पानी रोज देऊ का आड दिवसानं?" उकंडराव हार गळ्यात तसेच ठेवून उत्तरं द्यायचे. मग ती मळकी धोतरं बांधून घ्यायची आणि निघायची. शेजारची जनकाबाई तेवढा वेळ तिचा मळा आणि गुरं पाहायची. एका गावात तर लेझीमवाल्या स्वयंसेवकानं तिलाच ढकललं. "ओ बाई, बाजूले व्हा! अमेरिकावाले येऊन राह्यले!" ती बाजूला झाली. मिरवणूक गेल्यावर तिनं विचारलं, "कोठी उतरले ते? धोतर द्याचं हाय."

एका रविवारी मी परतीच्या वाटेवर तिला गाठलं. गाठलं म्हणजे, सायकलवर असूनही मला जोरजोरात पायडल मारावं लागत होतं.

"वहिनी, एसटीनं का येत नाही?"

"एसटी तिच्या येळेनं जाते, मास्तर. गाय तिच्या येळेनं पान्हावते. दोघींचं जमत नाई."

"आज किती चाललात?"

"म्या कायले मोजू? मोजाले तुमी हाये ना."

ते मला लागलं. त्या रात्री मी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तिच्या नावानं एक रकाना आखला. मागच्या फेऱ्या तिला आणि जनकाबाईला विचारून भरल्या. कुणी सांगितलं नव्हतं, उगाच. मास्तरकीत उगाच करायच्या कामांची सवय लागते.

असं करत करत माघ उजाडला आणि यात्रा देऊळगाव राजाला पोचली. तालुक्याचं गाव, त्यामुळे सत्कारही तालुक्याच्या मापाचा. बालाजीच्या देवळाजवळच्या मैदानात मांडव, कर्णे, खुर्च्या. अध्यक्ष अर्जुनराव. उकंडराव मधल्या खुर्चीत बसले होते. एकाहत्तर दिवसांच्या रोडग्यांनी ते चांगले भरले होते आणि एकाहत्तर दिवस पाय धुतले गेल्यामुळे त्यांचे तळवे बाळंतिणीच्या तळव्यांसारखे मऊ झाले होते. खेटरं बोचतात म्हणून त्यांनी ती कडूबाकडे दिली होती.

अर्जुनराव बोलायला उठले. त्यांची काळजी मी समजू शकत होतो. माणूस अडीच वर्षांसाठी पाठवावा आणि तो एकवीस मैलांवर, रोज नव्या गावात, हार घेत आणि भाषण करत बसावा. मतदारसंघात याहून चांगला प्रचार कुणी केला नव्हता. त्यांनी खिशातून स्वतःचा पासपोर्ट काढून सगळ्यांना दाखवला, ठेवला, आणि म्हणाले, "आपले मास्तर इथं हायेत. त्यायच्यापाशी रोजचा हिशेब हाय. मास्तर, वाचा बरं. लोकायले कळू द्या, आपले उकंडराव किती चालले."

मी कर्ण्यासमोर उभा राहिलो. खोटं वाचावं असं एक क्षण वाटलं. पण खोटे आकडे वाचायचे तर ते आधी जुळवावे लागतात, आणि मला वेळ नव्हता.

"दिवस एकाहत्तर," मी वाचलं. "दुसरबीडपासून अंतर, एकवीस मैल."

मागून एक जण म्हणाला, "येवढं त म्या आज सकाळून म्हैस घेऊन आलो."

"या चालीनं अमेरिका कधी येनार, मास्तर?" अर्जुनरावांनी गोड आवाजात विचारलं.

हा हिशेब मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. मास्तरांची ती खोड. "एकशे वीस वर्षं."

मग जे हसू झालं, ते आटपेना. अर्जुनराव टेबल बडवत होते. "म्या म्हनलं नवतं? नातूबी नाई पोचत!" उकंडराव हारांत कानापर्यंत बुडलेले. फक्त डोळे दिसत होते, आणि ते माझ्याकडे लागले होते. त्यांत राग नव्हता. भर वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाचे डोळे असतात तसे ते होते, आणि तो फळा मीच लिहिला होता. विश्वशांती माझी, दोरा माझा, आठशे सदुसष्ट दिवसही माझेच.

मी शेवटचं पान उलटलं.

"अजून एक नोंद आहे," मी म्हणालो. हसू थोडं खाली आलं. "याच एकाहत्तर दिवसांत सौभाग्यवती सत्यभामाबाई दुसरबीडहून इथं-तिथं चोवीस वेळा आल्या आणि गेल्या. एकूण चाल, चारशे बत्तीस मैल. त्या अमेरिकेच्या रस्त्यानं सरळ गेल्या असत्या, तर आज झाशीच्या आसपास असत्या. या चालीनं न्यूयॉर्क, पाच वर्षं दहा महिने. यात दोन वेळचं दूध काढणं, मळ्याला पाणी देणं आणि राखण आलीच. ती सोडली तर लवकर पोचतील."

मग सगळा मांडव मागे वळला, कारण ती तिथंच उभी होती, मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, डोक्यावर गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे.

हार भरपूर उरले होते. तालुक्याच्या गावाला सत्काराला माणूस कमी पडतो, हार पडत नाहीत. दोघा-तिघांनी तिला धरूनच वर आणलं. एकानं गाठोडं उतरवलं, दुसऱ्यानं हार घातला आणि तिसऱ्यानं कर्ण्याचं बोंड तिच्या तोंडासमोर धरून 'दोन शब्द' म्हटलं.

तिनं लोकांकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "हरभऱ्यावर घाटेअळी पडली. तीन दिवस झाले. एकलीच्यानं येचनं होत नाई. चाला."

सगळ्या देऊळगावानं ऐकलं.

"हळू बोल वं, लोकं हायेत," उकंडराव कुजबुजले. कर्ण्यानं तेही ऐकवलं.

"लोकायले काय, त्यायच्याही हरभऱ्यावर पडली असन."

मांडवातून दोन-चार जण "हाव, हाव, पडली," म्हणाले.

"अन् अमेरिकेचं?" उकंडरावांनी विचारलं.

"अमेरिका काय पळून चालली?"

अर्जुनराव घाईघाईनं उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उकंडराव खरोखर अमेरिकेला जावेत असं तळमळून वाटत होतं. "असं कसं, वहिनी! विश्वशांतीचं काम! देशाची इज्जत! मी चिखलीपर्यंत जीप देतो, बुलढान्यापर्यंत देतो..."

"पदयात्रा हाय ना हो?" ती म्हणाली. "जीप कायले?"

उकंडराव उठले. एक एक हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. त्याला बराच वेळ लागला. कडूबा फलक धरून तसाच उभा होता. "म्या काय करू, वैनी?"

"तू बी चाल. अन् ते कापड टाकू नको. मिरच्या वाळवाले होते."

आम्ही चौघं निघालो. मी सायकल हातात धरून चाललो, कारण अशा वेळी सायकलवर बसणं बरं दिसेना. पहिले दोन मैल उकंडराव छाती काढून चालले. तिसऱ्या मैलाला त्यांनी खेटरं घातली, चौथ्याला काढली. पाचव्या मैलावर ते रस्त्याच्या कडेला बसले आणि तळवे वर करून पाहू लागले. दोन्ही पायांना फोड आले होते. जालन्याकडून आलेली एसटी आमच्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं. "अमेरिकावाले, बसता का?"

उकंडरावांनी गाडीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती पुढे जाऊन थांबली होती, परत येत होती. "जा भाऊ तू," ते ड्रायव्हरला म्हणाले.

तिनं गाठोडं सोडलं, तेलाची बाटली काढली, धोतराची पट्टी फाडून पायांना बांधली. ते तिच्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू दर खेपेले येवढं चालत आलती?"

"मंग काय इमानानं?"

"मले वाटलं, एसटीनं येते."

गाठ पक्की बसली का ते तिनं ओढून पाहिलं.

"सांगितलं काऊन नाई?"

"सांगाले तुमचं तोंड दिसाव लागते. हारात कोठी दिसते?"

मग आम्ही सिंदखेडची वाट धरली. उकंडराव चालत होते, म्हणजे पाय ओढत होते, आणि सत्यभामाबाई चक्क हळू चालत होती. तिला ते जमत नव्हतं. दहा पावलं पुढे जायची, मग रस्त्यावरचं काही पाहते असं दाखवून थांबायची. मुक्काम सिंदखेडात तिच्या ओळखीच्या झुंबरबाईकडे पडला. इतक्या फेऱ्यांत ती तिथं पाणी प्यायला थांबत असे. त्या घराला तिचं येणं-जाणं ठाऊक होतं, आमच्या यात्रेची मात्र खबरही नव्हती. झुंबरबाईनं उकंडरावांना विचारलं, "तुमी कोन, भाऊ?" एकाहत्तर दिवसांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला होता. ते म्हणाले, "इचा मालक."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाची झाडं दिसू लागली. मोटारस्टँडवर माणसं जमलेली लांबूनच दिसत होती. बातमी एसटीनं आली होतीच. लेझीमही होती की नाही कोण जाणे. उकंडराव थबकले. "शेतानं जाऊ," ते म्हणाले.

"शेतातच त जायचं हाय," ती म्हणाली.

कडूबाला गाठोडं आणि फलक घेऊन घरी पाठवलं. हरभरा खरंच वाईट अवस्थेत होता. घाट्यांना भोकं पडलेली, हिरव्या अळ्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. बांधावर अळ्या वेचायचे डबे पालथे घालून ठेवले होते. एक तिनं नवऱ्याला दिला, एक स्वतः घेतला. मी निघायच्या विचारात होतो.

"मास्तर, तिकडं डबा हाय," ती म्हणाली. "तुमालेबी दोन हात हायेत."

शाळा बुडाली ती बुडाली. आम्ही तिघं ओळीनं बसलो. फोडांच्या पायांवर उकिडवं बसणं म्हणजे काय, ते उकंडरावांच्या तोंडावर दिसत होतं, पण ते बसले. तासभर कुणी मान वर केली नाही. मग तेच म्हणाले, "तू बस वं जराशी बांधावर. लय चालली. मी करतो."

तिनं डबा खाली ठेवला आणि खरंच बांधावर जाऊन बसली. चार वर्षं मी त्या गावात होतो. या बाईला बसलेली मी पाहिली नव्हती. तिनं पाय लांब केले, पदरानं तोंड पुसलं, आणि शेताकडे, वाकलेल्या नवऱ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

ती उठली.

"अहो," ती म्हणाली, "अळ्या तशाच सोडून तुमी घाटे तोडून राह्यले."